कॅनडाची महिला कर्लिंग स्पर्धा: १९६९ ते १९७४ सलग सहा वेळा सस्कॅचेवानच का?

थंडीचा_वाचक

नमस्कार मंडळी,

हिवाळी ऑलिंपिकमुळे कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळात नेऊन थांबवण्याच्या खेळाची, गोडी लागलेल्या अनेकांपैकी मी एक आहे. आजच्या संघांविषयी पुष्कळ वाचायला मिळते, परंतु या खेळाच्या जुन्या काळाविषयी मराठीत जवळजवळ काहीच सापडत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारावेसे वाटले.

कॅनडाच्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाच्या विजेत्यांची यादी १९६१ पासून सुरू होते. पहिल्याच वर्षी सस्कॅचेवान प्रांताच्या जॉइस मॅकी यांचा संघ जिंकला. पुढची सात वर्षे विजेतेपद ब्रिटिश कोलंबिया, न्यू ब्रन्सविक, मॅनिटोबा आणि आल्बर्टा यांच्याकडे फिरत राहिले. मग १९६९ मध्ये पुन्हा मॅकी, १९७० मध्ये डोरेंडा शोनहाल्स, १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे व्हेरा पेझर, आणि १९७४ मध्ये एमिली फार्नहॅम. संघनायिका चार, प्रांत मात्र एकच. १९७१ च्या जनगणनेत ज्या प्रांताची लोकसंख्या जेमतेम सव्वानऊ लाख होती, त्याने त्याच वेळी ७७ लाखांच्या घरात असलेल्या ऑन्टारियोसकट सगळ्या देशाला सहा वर्षे चषकाजवळ फिरकू दिले नाही, हे कसे काय घडले असावे?

याला जोडून आणखी दोन शंका आहेत. एक म्हणजे या यादीत स्पर्धेचे नाव सारखे बदलते: कुठे ‘डायमंड डी’, कुठे ‘लॅसी’, कुठे नुसतेच संघटनेचे नाव. ही सगळी एकच स्पर्धा आहे की वेगवेगळ्या स्पर्धांचे विजेते नंतर कोणी एका यादीत बसवले आहेत? दुसरी शंका जॉइस मॅकी यांच्याविषयी. १९६१ आणि १९६९ मध्ये त्या संघनायिका, म्हणजे ‘स्किप’ होत्या. पेझर यांच्या तिन्ही विजयांत मात्र त्यांचे नाव दुसऱ्या क्रमांकाची, म्हणजे दगड सोडण्याच्या क्रमात दुसरी, खेळाडू म्हणून दिसते. दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेल्या संघनायिकेची ही पदावनती समजायची का?

सविस्तर उत्तरे मिळाल्यास आनंद होईल.

---

सस्कॅटूनकर

नावांच्या गोंधळाचे उत्तर सोपे आहे, तेव्हा ते आधी देतो. स्पर्धा एकच आहे. प्रायोजक बदलत गेला तसे नाव बदलत गेले.

कॅनडातील पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, जिला सगळे ‘ब्रायर’ म्हणतात, ती १९२७ मध्ये टोरंटोत सुरू झाली. महिलांना तशी स्पर्धा मिळायला त्यानंतर ३४ वर्षे लागली. याचा अर्थ महिला तोपर्यंत खेळत नव्हत्या असा मुळीच नाही. माँट्रियलमध्ये महिलांचा स्वतंत्र कर्लिंग क्लब १८९४ मध्येच स्थापन झाला होता आणि प्रांतोप्रांती त्यांच्या स्पर्धाही होत असत. अडचण पैशाची आणि अंतराची होती. पूर्व किनाऱ्यावरच्या चौघींना आगगाडीने पश्चिमेपर्यंत आणायचे, त्यांची आठवडाभर राहण्याची सोय करायची, हा खर्च क्लबांच्या वर्गणीतून निघण्यासारखा नव्हता. १९५३ पासून ‘ईटन्स’ या मोठ्या दुकानसाखळीने फक्त पश्चिमेकडील प्रांतांसाठी महिलांची स्पर्धा पुरस्कृत केली. १९६० मध्ये महिलांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, त्याच वर्षी पूर्व आणि पश्चिम यांच्या विजेत्यांमध्ये लढत झाली, आणि १९६१ मध्ये ‘डोमिनियन’ या किराणा दुकानांच्या साखळीने पैसा पुरवल्यावर ओटावा येथे दहा प्रांतांची पहिली खरीखुरी राष्ट्रीय स्पर्धा भरली. ‘डायमंड डी’ हे नाव या दुकानवाल्यांचेच. १९६७ नंतर ते बाजूला झाले. १९६८ ते १९७१ या चार वर्षांत प्रायोजकच नव्हता, त्यामुळे स्पर्धा संघटनेच्या नावाने भरत राहिली. १९७२ मध्ये ब्रायरला पहिल्यापासून पैसा देणारी मॅकडोनाल्ड ही तंबाखू कंपनी महिलांच्या स्पर्धेकडेही वळली. तिच्या सिगारेटच्या पाकिटावर एका स्कॉटिश मुलीचे चित्र असे, त्यावरून ‘मॅकडोनाल्ड लॅसी’. म्हणजे पेझर यांचे १९७१ चे विजेतेपद बिनप्रायोजकाचे आणि पुढची दोन ‘लॅसी’ची, स्पर्धेची परंपरा मात्र अखंड आहे.

आता मुख्य प्रश्न. मी सस्कॅटूनमध्ये राहतो आणि प्रांतातील लहान गावांतून कामानिमित्त माझे येणे-जाणे असते, त्यामुळे माझे उत्तर थोडे इथल्या मातीच्या बाजूने झुकलेले असेल, हे गृहीत धरून वाचावे.

हा गव्हाचा प्रदेश. पीक निघाले की शेतकरी कुटुंबाला पुढचे चार-पाच महिने शेतात फारसे काम नसते, आणि बाहेर तापमान उणे तीसपर्यंत उतरलेले असते. अशा गावात धान्याचे उंच कोठार, चर्च, शाळा आणि कर्लिंगचे सभागृह एवढ्या चार इमारती असल्या की गाव पुरे झाले असे मानत. कृत्रिम बर्फाची यंत्रे नसतानाही इथे अडत नसे, कारण पत्र्याच्या शेडमध्ये पाणी ओतले की हवाच बर्फ करून देई. खेळण्याच्या दोनच बर्फपट्ट्यांचे का असेना, पण सभागृह असायचे, आणि हिवाळ्यात आसपासच्या गावांच्या स्पर्धा, ज्यांना ‘बॉनस्पील’ म्हणतात, त्या एकामागून एक चालत. महिलांना बहुतेक ठिकाणी दुपारची वेळ मिळे, कारण संध्याकाळच्या वेळा पुरुषांनी धरलेल्या असत. शिवाय सभागृहाचे स्वयंपाकघर चालवून इमारतीचे कर्ज फेडण्याचे कामही महिलांच्याच गळ्यात असे. या सगळ्यातून मुली लहानपणापासून बर्फावर वाढल्या. पुरुषांकडेही पाहा: रिजायनाच्या अर्नी रिचर्डसन यांनी सख्खा भाऊ आणि दोन चुलतभाऊ यांना बरोबर घेऊन १९५९, १९६० आणि १९६२ मध्ये, आणि एका चुलतभावाच्या जागी दुसरा खेळाडू घेऊन १९६३ मध्ये, असे चार वेळा ब्रायर जिंकले होते. पुढे २००१ मध्ये प्रांताने कर्लिंगला आपला अधिकृत खेळ म्हणून घोषित केले, ते उगीच नव्हे.

तेव्हा ज्या प्रांतात दर गावात हा खेळ मुरलेला आहे, त्याने सलग सहा वेळा जिंकावे, यात मला तरी फारसे नवल वाटत नाही.

---

हिशेबी

सस्कॅटूनकर यांनी स्पर्धेच्या नावांचा इतिहास नेमका सांगितला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मुख्य प्रश्नावरचे त्यांचे उत्तर मात्र मला अपुरे वाटते.

थंडी, गहू आणि गावोगावची सभागृहे हे कारण मानले, तर ते मॅनिटोबाला तितकेच लागू पडते. तिथलीही हवा तशीच, शेतीही तशीच, आणि विनिपेग हे तर सस्कॅचेवानमधल्या कोणत्याही शहरापेक्षा मोठे कर्लिंग केंद्र. आल्बर्टाचेही बव्हंशी तेच. तरीही १९६९ ते १९७४ या काळात मॅनिटोबाला एकदाही विजेतेपद मिळाले नाही. जे कारण तिन्ही प्रांतांत सारखे आहे, ते एकाच प्रांताच्या यशाचा उलगडा करू शकत नाही. पहिल्या १४ स्पर्धांपैकी ७ सस्कॅचेवानने जिंकल्या, ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा आणि आल्बर्टा यांनी प्रत्येकी २ आणि न्यू ब्रन्सविकने १. या आकड्यांवरून एवढेच ठरते की पश्चिम भाग पूर्वेपेक्षा बलवान होता. ऑन्टारियोला तर महिलांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८६ मध्ये मिळाले, म्हणजे सर्वांत मोठ्या प्रांताने २५ स्पर्धा रिकाम्या हाताने काढल्या. हवामानाचे कारण इथपर्यंत चालते, याच्या पुढे नाही.

पुढचे उत्तर माणसांत शोधावे लागते. सहापैकी चार विजेतेपदे एकाच गाभ्याची आहेत. १९६९ मध्ये जॉइस मॅकी स्किप होत्या, व्हेरा पेझर तिसऱ्या क्रमांकावर खेळत होत्या आणि लेनोर मॉरिसन त्याच संघात होत्या. १९७१ मध्ये पेझर स्किप झाल्या, शीला रोवन तिसऱ्या, मॅकी दुसऱ्या आणि मॉरिसन पहिल्या क्रमांकावर आल्या, आणि याच चौघींनी न बदलता सलग तीन वेळा देश जिंकला. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा हा महिलांचा पहिला संघ. म्हणजे ‘सस्कॅचेवानचे वर्चस्व’ म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्यातले दोन-तृतीयांश हे सस्कॅटूनमधल्या एका संघाचे वर्चस्व आहे. शोनहाल्स आणि फार्नहॅम यांचे विजय स्वतंत्र आहेत, आणि तेवढ्यापुरते मी सस्कॅटूनकरांचे म्हणणे मान्य करतो, कारण असा संघ घरात असताना प्रांतातल्या इतरांना आधी त्याच्याशी झगडावे लागे. त्या झगड्यातून जो संघ बाहेर पडेल तो राष्ट्रीय स्पर्धेला पक्का तयार होऊनच जाणार.

आता मॅकी यांच्या ‘पदावनती’विषयी. या प्रश्नाचे उत्तर त्या काळचा खेळ समजून घेतल्याशिवाय देता येत नाही. आज प्रत्येक डावाच्या, म्हणजे ‘एंड’च्या, सुरुवातीच्या काही दगडांपर्यंत वर्तुळाबाहेर उभे केलेले प्रतिस्पर्ध्याचे रक्षक दगड उडवून लावता येत नाहीत. त्या काळी हा नियम नव्हता. समोरच्याने दगड ठेवला की तो उडवायचा, पुढचा ठेवला की तोही उडवायचा; कॅरममध्ये सोंगट्या एकेक करून टिपाव्यात तसा हा खेळ चाले, आणि जो संघ कमी वेळा चुकेल तो जिंके. प्रत्येक खेळाडू एका एंडमध्ये दोन दगड सोडते आणि प्रत्येक दगड सुमारे १९ ते २० किलोचा असतो. असल्या खेळात दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे मुख्य काम दगड उडवण्याचेच. तिथे कच्ची खेळाडू ठेवली की स्किपच्या हाती येईपर्यंत एंड बिघडलेला असतो. दोनदा राष्ट्रीय विजेती ठरलेली स्किप त्या जागी उभी करणे, ही प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने भयंकरच गोष्ट म्हणायची.

याला दुसरी बाजू झाडूची आहे. तिसरी खेळाडू आणि स्किप दगड सोडतात तेव्हा, दगड लांब आणि सरळ जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ घासण्याचे काम पहिल्या दोघींकडे असते, शिवाय त्या एकमेकींच्या दगडांसाठीही घासतात; हिशेब मांडला तर संघाच्या आठ दगडांपैकी सहांपुढे दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू झाडू घेऊन धावते. आज हलक्या दांड्याचे, कापडी टोकाचे झाडू आले आहेत. तेव्हा कॅनडात लांब काड्यांचा केरसुणीवजा झाडू वापरत आणि तो बर्फावर दणादणा आपटत पुढे सरकावे लागे. १९३३ साली जन्मलेल्या मॅकी १९७३ मध्ये हे काम चाळिशीच्या उंबरठ्यावर करत होत्या. पदावनती झालेल्या खेळाडूचे हे लक्षण मला तरी वाटत नाही. आपल्याकडे कर्णधारपद गेलेला खेळाडू त्याच संघात रमत नाही, हा अनुभव आपण क्रिकेटमध्ये किती वेळा घेतला आहे, ते वेगळे सांगायला नको.

---

थंडीचा_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. हिशेबी यांच्या उत्तराने मॅकी यांच्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. १९६१ च्या संघाची नावे पुन्हा पाहिली तेव्हा मॅकी यांच्याबरोबर तिसऱ्या क्रमांकावर ‘सिल्व्हिया फेडोरुक’ असे नाव दिसले. याच नावाच्या एका कॅनडियन भौतिकशास्त्रज्ञ होत्या असे आठवते. या दोन व्यक्ती वेगळ्या की एकच?

---

किरणमापक

एकच. हा प्रश्न आला म्हणून मुद्दाम लिहिते आहे, कारण मी वैद्यकीय भौतिकशास्त्रात काम करते आणि आमच्या क्षेत्रात फेडोरुक हे नाव कर्लिंगशी काडीचाही संबंध नसलेल्या कारणासाठी आदराने घेतले जाते.

सिल्व्हिया फेडोरुक यांचा जन्म १९२७ मध्ये सस्कॅचेवानमधील कॅनोरा येथे, युक्रेनमधून आलेल्या कुटुंबात झाला. सस्कॅटूनच्या विद्यापीठात हॅरल्ड जॉन्स यांच्या नेतृत्वाखाली कर्करोगावर कोबाल्ट-६० च्या किरणांनी उपचार करण्याची पद्धत विकसित होत होती, त्या गटात त्या एकमेव महिला होत्या. चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत कोबाल्टचे स्रोत तयार झाले आणि १९५१ मध्ये सस्कॅटून तसेच ऑन्टारियोतील लंडन या दोन ठिकाणी काही दिवसांच्या अंतराने रुग्णांवर उपचार सुरू झाले. किरण शरीरात किती खोलवर गेल्यावर त्यांची मात्रा किती उरते, हे आधी अचूक मोजल्याशिवाय असा उपचार करणे धोक्याचे असते. हे मोजमापाचे किचकट आणि कंटाळवाणे काम फेडोरुक यांनी केले, आणि त्यांनी मोजलेले आकडे पुढे जगभरच्या रुग्णालयांनी वापरले. भारतातही कोबाल्टची यंत्रे अनेक दशके कर्करोगोपचाराचा कणा होती, त्यामुळे १९६१ च्या विजेत्या संघातल्या या खेळाडूच्या कामाचा लाभ आपल्या ओळखीतल्या एखाद्या रुग्णालाही झालेला असू शकतो.

१९६१ मध्ये ओटावाला गेल्या तेव्हा त्या प्रयोगशाळेत नवख्या नव्हत्या. कोबाल्टच्या पहिल्या उपचाराला जवळजवळ दहा वर्षे होत आली होती. म्हणजे नोकरी सांभाळून, सुट्टी काढून राष्ट्रीय स्पर्धा खेळणारी ही शास्त्रज्ञ होती आणि तिचा संघ त्या स्पर्धेत एकही सामना हरला नाही. पुढे १९७१–७२ मध्ये त्या महिलांच्या राष्ट्रीय कर्लिंग संघटनेच्या अध्यक्षा होत्या. वर सस्कॅटूनकर यांनी सांगितलेला बिनप्रायोजकाचा काळ संपून ‘लॅसी’ सुरू झाली ती नेमकी याच सुमारास. १९७३ मध्ये कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. पुढे आपल्याच विद्यापीठाच्या कुलपती आणि १९८८ ते १९९४ या काळात सस्कॅचेवानच्या उपराज्यपाल झाल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट थंडीचा_वाचक यांच्या मूळ प्रश्नाशी जोडता येईल. व्हेरा पेझर यांनी क्रीडा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, त्याच विद्यापीठात विद्यार्थी कल्याणाच्या वरिष्ठ पदावर काम केले, आणि २००७ ते २०१३ या काळात त्याही तिथल्या कुलपती होत्या. म्हणजे सस्कॅचेवानच्या पहिल्या विजेत्या संघातली एक आणि सर्वांत यशस्वी संघाची नायिका, अशा दोघी एकाच विद्यापीठाच्या कुलपती झाल्या. हवामान की माणसे, या वादात मला हिशेबींची बाजू अधिक पटते, पण माणसांबरोबर त्यांना धरून ठेवणाऱ्या संस्थाही मोजल्या पाहिजेत. नोकरी असलेल्या, स्वतःचे पैसे आणि स्वतःचा वेळ असलेल्या सुशिक्षित महिला एका शहरात एकत्र आल्या आणि वर्षानुवर्षे एकत्र राहिल्या, ही गोष्ट त्या काळी सर्वत्र घडत नव्हती.

---

जुनी_कात्रणे

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ‘वर्चस्व’ हा शब्द वापरताना त्याचा शेवटही सांगायला हवा. १९७५ मध्ये ली टोबिन यांच्या संघाने क्वेबेकला विजेतेपद मिळवून दिले, आणि १९७५ ते १९९२ या अठरा वर्षांत सस्कॅचेवानला ते फक्त एकदा, १९८० मध्ये, मिळाले. गावोगावची सभागृहे तर १९७५ मध्येही तिथेच होती! म्हणून माझेही मत हिशेबींच्या बाजूने पडते.

मात्र मला अधिक बोचणारी गोष्ट वेगळी आहे. पेझर यांच्या संघाची ख्याती कॅनडाबाहेर का पोहोचली नाही? रिचर्डसन बंधूंनी १९५९ मध्ये ब्रायर जिंकले, त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पुरुषांची जागतिक म्हणून ओळखली जाणारी लढत सुरू झाली आणि ते तिचे पहिले विजेते ठरले. महिलांची जागतिक स्पर्धा सुरू व्हायला १९७९ उजाडावे लागले. पेझर, रोवन, मॅकी आणि मॉरिसन या चौघींनी सलग तीन वर्षे देश जिंकला आणि तिन्ही वेळा त्यांच्यापुढे खेळायला काहीच उरले नव्हते. हाच संघ दहा वर्षांनी जन्माला आला असता, तर आज त्यांची नावे किमान कर्लिंगच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असती.

जे पेझर यांना मिळाले नाही ते सस्कॅचेवानच्याच मार्ज मिचेल यांना मिळाले. १९८० मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि मग स्कॉटलंडमधील पर्थ येथे जागतिक स्पर्धा जिंकली. अशी कामगिरी करणारा कॅनडाचा तो पहिला महिला संघ. त्याच वर्षी सस्कॅटूनचे रिक फोक पुरुषांत जगज्जेते झाले, म्हणजे दोन्ही जागतिक विजेतेपदे एकाच वर्षी एकाच प्रांतात आली. मिचेल १९८३ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेतील खिलाडूवृत्तीचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

मिचेल यांचे ते राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा बिनप्रायोजकाच्या स्पर्धेतले होते, हेही पाहण्यासारखे आहे. मॅकडोनाल्ड कंपनीने १९७९ नंतर दोन्ही स्पर्धांतून अंग काढून घेतले. पुरुषांच्या ब्रायरला लगेच १९८० मध्ये लबॅट ही बिअर कंपनी मिळाली. महिलांची स्पर्धा मात्र १९८० आणि १९८१ अशी दोन वर्षे पुन्हा वाऱ्यावर राहिली. तो पेच एका खेळाडूच्या मदतीने सुटला: १९७६ आणि १९७९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या विजेत्या संघात दुसऱ्या क्रमांकावर खेळलेल्या रॉबिन विल्सन ‘स्कॉट पेपर’ या कागदी रुमाल आणि टिश्यू बनवणाऱ्या कंपनीत काम करत होत्या, आणि कंपनीला स्पर्धेकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८२ पासून ‘टूर्नामेंट ऑफ हार्ट्स’ हे नाव आले. रिजायना येथे झालेली त्या नावाची पहिली स्पर्धा नोव्हा स्कॉशियाच्या कॉलीन जोन्स यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी जिंकली. दुकानवाले गेले, तंबाखूवाले गेले, टिश्यूवाले मात्र टिकले. कंपनीची मालकी पुढे बदलली तरी स्पर्धा आजही त्याच उत्पादनाच्या नावाने भरते. महिलांची स्वतंत्र संघटना १९९० मध्ये पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली. ते बरे झाले की वाईट, यावर वेगळा धागा काढता येईल.

---

सस्कॅटूनकर

मॅनिटोबाचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी किरणमापक यांनी सांगितलेल्या संस्थांत मी गावातल्या सभागृहांनाही धरीन, कारण सस्कॅटूनमध्ये एकत्र आलेल्या यांतल्या काही जणी आल्या त्या लहान ठिकाणांहूनच. फेडोरुक कॅनोराच्या, हे वर आलेच आहे. पेझर मेल्फर्टच्या बाजूच्या, आणि जॉइस मॅकी ॲस्क्विथ नावाच्या, सस्कॅटूनच्या पश्चिमेला असलेल्या छोट्याशा गावच्या. पेझर यांनी पुढे या मैदानी प्रांतांतील कर्लिंगचा सामाजिक इतिहासही लिहिला. ज्याला गावचे सभागृह म्हणजे नेमके काय होते हे जाणून घ्यायचे आहे, त्याने माझ्या चार ओळींवर विसंबण्यापेक्षा तिकडे वळावे.

---

हिशेबी

मॅकी यांच्या जागेविषयी एक आकडा द्यायचा राहून गेला होता, तो देतो. १९६१, १९६९, १९७१, १९७२ आणि १९७३ मिळून त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे पाच होतात. या आकड्याशी बरोबरी व्हायला २००३ साल यावे लागले, आणि ती केली कॉलीन जोन्स यांनी. २००४ मध्ये सहावे विजेतेपद मिळवून त्या पुढे गेल्या. मधली तीस वर्षे हा विक्रम मॅकी यांच्या एकटीच्या नावावर होता, आणि त्या पाचांपैकी तीन विजेतेपदे त्यांनी स्किप म्हणून नव्हे, दुसऱ्या क्रमांकावर खेळून मिळवलेली होती.